रेवाचा पावसाळा आणि गोचिड्यांचं स्पॉट-ऑन

माझी कुत्री रेवा (कारवानी जातीची, वजन 22 किलो) जूनपासून फिप्रोनिल-मेथोप्रीनच्या स्पॉट-ऑनवर, म्हणजे कातडीवर ओतायच्या गोचीडनाशक औषधावर आहे, दर महिन्याला एक पिपेट (औषधाची छोटी नळी). 20 ते 40 किलोच्या कुत्र्यासाठी 2.68 मिलीची येते. सांगलीतला पाऊस आता ओसरलाय. रोज रात्री कान, बोटांच्या बेचक्या, काखा, पट्ट्याखालची जागा चाचपतो. जिवंत गोचीड क्वचितच हाताला लागते. सापडते ती बहुतेक वाळलेली, नखाने ढकलली की सुटते.

औषध रक्तात जवळजवळ जातच नाही. कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, तैलग्रंथींत साठतं आणि तिथून हळूहळू वर येत राहतं. म्हणूनच लावण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही. कारवानीचे केस आखूड, त्यामुळे खांद्यांच्या मधे पिपेट थेट कातडीला टेकते. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर नीट भांग पाडा, केसांवर सांडलेलं औषध वाया जातं. पर्मेथ्रिनवालं स्पॉट-ऑन मी घेतलंच नाही. शेजारची मांजर रेवाला चिकटून झोपते आणि मांजरांसाठी ते जीवघेणं आहे. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या अंगाला लावू नका.

आता मर्यादा. फिप्रोनिल गोचिडीला पळवून लावत नाही, चढल्यावर मारतं आणि त्यालाही 48 तासांपर्यंत लागतात. बबेसिया आणि एर्लिकिया हे गोचिडीतून कुत्र्याच्या रक्तात शिरणारे रोगजंतू. बबेसिया पसरायला साधारण दोन दिवस लागतात, त्यामुळे तिथे गोचीड बहुतेकदा आधीच मरते. एर्लिकियाला मात्र काही तासच पुरेसे असतात. त्यामुळे औषध चालू असलं तरी ताप, खाणं सोडणं, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर लगेच व्हेटकडे जाऊन रक्त तपासा आणि प्लेटलेट बघा. एर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं. कुत्रं आठवड्यात उड्या मारायला लागलं म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका, कळकळीने सांगतोय.

खरा अड्डा भिंतीत असतो. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच वाढते. स्विचबोर्डामागच्या फटीत टॉर्च मारला तेव्हा फुगलेली राखाडी मादी दिसली आणि तिच्यापुढे खसखशीसारखा चकचकीत तपकिरी अंड्यांचा पुंजका. एक मादी हजारोंनी अंडी घालते. तो पुंजका खरवडून साबणाच्या पाण्यात टाकला, फट व्हाइट सिमेंटने बुजवली, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुतो.

रेवाची झोपायची जागा मात्र बदलली नाही. अशा वेळी बरेच जण कुत्र्याला गच्चीवर हलवतात, ते मला पटत नाही. पिल्लू, मधली अवस्था आणि प्रौढ, तिन्ही वेळा गोचिडीला रक्तासाठी कुत्र्यावर यावंच लागतं. औषध लावलेलं कुत्रं जुन्या जागीच झोपलं की भिंतीतल्या गोचिड्या त्याच्यावर चढतात आणि मरतात. उपाशी प्रौढ गोचीड कित्येक महिने तग धरते, म्हणून दिवाळीनंतरही पिपेट चालू राहणार.

पुढचं काम फाटकाजवळच्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांचं. त्यांना महिन्याच्या महिन्याला धरणं जमत नाही, म्हणून व्हेटशी बोलून फ्लुरालॅनर या गोचीडनाशक औषधाची गोळी जेवणातून द्यायचं ठरलंय. एका डोसचा असर 12 आठवडे राहतो. त्यातल्या एकाला पूर्वी फिट आली होती आणि फ्लुरालॅनरच्या गटातली औषधं अशा कुत्र्यांना जपून द्यावी लागतात, त्यामुळे त्याच्यासाठी गळ्यातल्या गोचीडनाशक पट्ट्याचा विचार चालू आहे.