डेंग्यूची दोन टोकं

डेंग्यूच्या विषाणूकडे भांडवल फार थोडं. आरएनएचा एक धागा, साधारण १०,७०० अक्षरांचा, आणि त्यातून बनणारी दहा प्रथिनं. तीन विषाणूचं अंग घडवतात, सात पेशीत शिरल्यावर राबतात. एवढ्यावर तो धडधाकट माणसाला आठवडाभर अंथरुणाला खिळवतो.

मी पुण्यात यावरच काम करते. गणपतीला वेंगुर्ल्यात आले की मामी विचारतेच, "काय गो, अजून मोडतंसच तू ताका?"

हो, मोडतेच. पण अख्खा विषाणू नाही. अंग घडवणारी जनुकं काढून तिथे काजव्याचं एन्झाइम, ल्युसिफरेज, बसवायचं. (मे सरता सरता मामीच्या परसात लुकलुकतात, ते काजवेच.) याला रेप्लिकॉन म्हणतात. तो पेशीबाहेर पडून कुणाला लागण करू शकत नाही, मात्र पेशीत स्वतःच्या प्रती काढतो. काही तासांत पहिला उजेड दिसतो. त्यावर भाळायचं नाही. तो आपणच सोडलेल्या धाग्यावरून बनलेल्या प्रथिनाचा. नंतरच्या दोन-तीन दिवसांत चढतो तो नव्या प्रतींचा. प्रती काढणाऱ्या एनएस५ एन्झाइमच्या गाभ्यातली, धातूचे आयन धरणारी अ‍ॅस्पार्टिक आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले दुवे) बदलली, की पहिला उजेड तसाच राहतो आणि दुसरा येतच नाही. हा मेलेला नमुना दरवेळी शेजारी ठेवतो, तुलनेसाठी.

पण मोडणं सोपं. त्यातून ती जागा महत्त्वाची एवढंच कळतं, का ते नाही.

एनएस५ बसतं धाग्याच्या पुढच्या टोकाला आणि काम सुरू करतं मागच्या टोकाला, दहा हजार अक्षरं पलीकडे! दोन्ही टोकांना एकमेकांशी जुळणारे तुकडे आहेत. पुढचा बदला, प्रती बंद. मागचा बदला, तरी बंद. आता दोन्ही असे बदला की मूळ अक्षरं उरणार नाहीत, पण जोडी पुन्हा जुळेल. प्रती परत निघू लागतात! म्हणजे टोकं खरोखरच एकमेकांना भेटतात, धाग्याचं कडं होतं. ब्युनोस आयर्समधल्या आंद्रेआ गामार्निक यांच्या गटाने २००५-०६ च्या सुमारास डेंग्यूत हे दाखवलं. दोन बिघाड मिळून दुरुस्ती! या क्षेत्रात यापेक्षा देखणा पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

मामीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मोदकाची उकड मळता मळता विचारलं, "मगे औषध खंय?"

औषध अजून दुकानात नाही, मामी.