मगरीच्या जबड्यावरचे ठिपके

शनिवार, रात्री साडेअकरा

आत्ता कुठे माझ्या टीममधली चौघं मुलं घरी गेली. डायनिंग टेबलावर थर्माकोलचा चुरा, निळा पोस्टर कलर सांडलेला, सेव-उसळचे रिकामे डबे तसेच पडलेत आणि सोमवारी सबमिशन आहे. झोप येत नाहीये म्हणून लिहून ठेवते, आज जे झालं ते मला विसरायचं नाहीये.

आमच्या शाळेत यंदा पहिल्यांदाच उद्याची टेक्नॉलॉजी कल्पायची स्पर्धा ठेवलीय, त्याचंच हे सबमिशन. अमेरिकेत 1992 पासून तोशिबा आणि तिथली विज्ञान शिक्षकांची संघटना मिळून एक्सप्लोराव्हिजन नावाची स्पर्धा घेतात, ती तिकडच्या आणि कॅनडाच्या मुलांसाठी असते, त्या धर्तीवर आपल्यापुरती. दोन ते चार जणांची टीम, आजची एक टेक्नॉलॉजी निवडायची, तिचा इतिहास शोधायचा, दहा वर्षांनी किंवा त्याच्याही पुढे ती कशी असेल ते मांडायचं, ते आज का जमत नाही ते लिहायचं आणि जमलं तर त्याचं बरं-वाईट काय होईल तेही. चालतं मॉडेल दाखवायची सक्ती नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात आवडली. इतकी वर्षं मी सायन्स एक्झिबिशन बघतेय, ज्वालामुखी आणि हायड्रॉलिक जेसीबी, अर्ध्याहून जास्त बाबांनी रात्री जागून केलेले, मूल नुसतं पाठ केलेलं बोलतं. इथे तसं चालतच नाही, कारण जे अजून जगात नाहीच ते बाबा तरी कुठून आणणार.

पहिल्या आठवड्यात चौघांनी मला उडणारी रिक्षा, होमवर्क करणारा रोबो आणि पाऊस थांबवायचं मशीन दिलं. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, बडोद्यात तुम्हाला खरंच कशाची भीती वाटते? भाची लगेच म्हणाली, "आत्या, विश्वामित्रीची." बाकीचे तिघं गप्प झाले, कारण ऑगस्ट 2024 चा पूर सगळ्यांच्याच डोक्यात होता. धोक्याची पातळी 25 फूट आणि नदी 35 च्या वर गेली होती, सोसायट्यांच्या गल्ल्यांतून मगरी फिरत होत्या, वनविभाग आणि स्वयंसेवकांनी दोन डझनाच्या आसपास मगरी पकडून नेल्या. टीममधल्या एका मुलाचं घर नदीजवळ आहे, तळमजल्यावर. तो तेव्हाही काही बोलला नाही.

मग पूर आधी कसा कळेल हे ठरलं. भाचीच्या मैत्रिणीने (गुजराती आहे, पण आमच्याकडे येऊन येऊन मराठी छान बोलते) कुठेतरी वाचलं होतं की मगरीच्या जबड्यावर बारीक काळे ठिपके असतात आणि त्यांनी तिला पाण्यातली हालचाल कळते. मला खरं वाटेना, म्हणून आम्ही शोधलं तर खरंच, 2002 साली डॅफ्नी सोआरेस या संशोधिकेने नेचर या विज्ञान नियतकालिकात लिहिलंय, पूर्ण अंधारात पाण्यात एक थेंब पडला तरी ॲलिगेटर (मगरीचाच भाऊबंद) त्या दिशेला वळतो, ते या ठिपक्यांमुळे. ॲलिगेटरला ते फक्त तोंडावर असतात, आपल्या विश्वामित्रीतल्या मगरीसारख्या क्रोकोडाइलना अंगभर. हे वाचलं आणि चौघं ओरडलीच! पावागडच्या बाजूने नदी येते तिथपासून शहरापर्यंत तळाशी मण्यांची माळ सोडायची, प्रत्येक मणी म्हणजे मगरीचा एक ठिपका, पाणी वाढतंय का, कुठे तुंबलंय, गाळ किती बसलाय ते नदीच सांगेल.

इतिहासाचं पान सोपं गेलं आणि मला वाटलं त्यापेक्षा भारी झालं. सयाजीरावांनी आजवा सरोवर बांधून घेतलं, 1892 मध्ये पूर्ण झालं, तिथून शहरात पाणी नुसत्या उताराने यायचं, पंप नाही. मुलांना वाटायचं जुन्या काळी टेक्नॉलॉजी नव्हतीच.

खरी मारामारी झाली "आज का जमत नाही" या पानावर. मण्यांना करंट कुठून द्यायचा? बॅटरी बदलायला नदीत कोण उतरणार, तेही या नदीत. मी स्वयंपाकघरातून गॅसचा लायटर आणला आणि टिक करून दाखवला, आत सेल नाही तरी ठिणगी पडते, का? दाबल्यावर वीज देणारा पदार्थ आहे, पिझोइलेक्ट्रिक, हा गुण क्यूरी भावांनी 1880 मध्ये शोधला. मग मणी पाण्याच्या धक्क्यानेच वीज करेल! पण ती वीज फार थोडी, आणि मण्यावर शेवाळ चढलं, गाळ बसला की तीही जाईल. आणि मोबाईलसारखा सिग्नल पाण्यात लगेच विरतो, म्हणून मण्याने मण्याला आवाजाने निरोप द्यायचा, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो. एकेक अडचण लिहिताना मुलांचे चेहरे पडतील अशी मला धास्ती होती आणि झालं उलटंच, उडणाऱ्या रिक्षेच्या वेळी पाच मिनिटांत कंटाळणारी मुलं इथे दोन-दोन तास भांडत होती, शेवाळ चिकटणार नाही असा पृष्ठभाग कसा असेल, निसर्गात कोणाच्या अंगाला शेवाळ चिकटत नाही. जिथे रस्ता अडतो तिथेच त्यांना पुढचं दिसायला लागलं. मी इतकी वर्षं वर्गात अडचणी झाकून शिकवत आले, धडा सोपा व्हावा म्हणून, त्याचं आज खूप वाईट वाटलं.

आणि आज संध्याकाळी परिणामांचं पान. भाचीने मगरीबद्दल सगळं वाचलेलं, तिने सांगितलं की मगरीची पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, तो ऐकून आई घरटं उकरते, आणि पिल्लं बाहेर येतात पावसाळ्याच्या तोंडावर, जूनच्या आसपास. म्हणजे ज्या दिवसांत आपले मणी सगळ्यात जास्त बोलणार त्याच दिवसांत. मण्यांच्या आवाजाने आई गोंधळली तर? जिच्या ठिपक्यांवरून आपण शिकलो तिचीच पिल्लं... कोणी काही बोलेना. शेवटी त्यांनी लिहिलं की हा आवाज मगरीला ऐकू येणार नाही असा हवा आणि तसा तो आज आपल्याकडे नाही. तेरा वर्षांच्या मुलांनी हे स्वतःहून लिहिलं, मी एक शब्द सुचवला नाही.

मग तो नदीजवळचा मुलगा बोलला. म्हणाला, "टीचर, ॲलर्ट फोनवर येणार ना? आमच्याकडे तेव्हा लाइट गेली होती आणि घरातले तिन्ही फोन बंद होते. बा, म्हणजे आजी, खाटेवर टेबल ठेवून त्यावर बसली होती." एवढंच. मी उठून उगाच पाणी आणायला आत गेले.

परत आले तर त्यांनी चित्र बदलायला घेतलं होतं. आता माळेचं शेवटचं टोक फोनमध्ये जात नाही, गल्लीच्या तोंडाशी एक खांब आहे, त्याला पाण्याची उंची दाखवणारा पट्टा आणि भोंगा, तोही पाण्याच्याच जोरावर वाजणारा, लाइट असो नसो. खांबावर खुणा कुठे करायच्या म्हणून विचारलं तर तो म्हणाला, माझ्या घरी भिंतीवर पेन्सिलची रेघ आहे, पप्पांनी पाणी उतरल्यावर मारलेली, रंग देतानाही तेवढी पट्टी सोडली. घरी पोचून मोजून सांगतो म्हणाला.

आत्ता त्याच्या पप्पांच्या फोनवरून मेसेज आला, चार फूट दोन इंच, आणि खाली टेप लावलेला फोटो. खांबाचं पुठ्ठ्याचं मॉडेल समोरच आहे. लाल स्केचपेन शोधते.