कोपर सुजलं आणि करंगळी बधीर, माझा अनुभव

मी घरी ब्लाऊज शिवते, पंधरा वर्षं झाली. डावं कोपर मशीनच्या टेबलावर टेकवून बसायची सवय. दिवाळीच्या आधी ऑर्डरी खूप होत्या, रात्री एक-दीडपर्यंत बसायचे, आणि एक दिवस आंघोळ करताना हाताला लागलं की कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ सूज आलीये.

दुखत होतंच पण खरी भीती वाटली मुंग्यांची. पहाटे जाग यायची तेव्हा करंगळी आणि शेजारचं बोट लाकडासारखं, हात झटकत बसायचं मग हळूहळू जीव यायचा. डावा हात म्हणून घरचे घाबरले, आधी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एकीकडे तेल लावून जोरात चोळून घेतलं तर दुसऱ्या दिवशी सूज अजून वाढली. सुजलेलं कोपर चोळून घेऊ नका प्लीज.

शेवटी हाडांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, कुठली बोटं? मी म्हटलं सगळा हातच. ते म्हणाले, "ताई, नीट आठवून सांगा, यावरच सगळं आहे." अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील तर बहुतेक मनगटात नस दबलेली असते, करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर बहुतेक कोपरात. आपलं कोपर कशावर आपटलं की करंट लागतो ना, तीच ती अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या हाडामागे त्यांनी बोटाने टकटक केलं आणि करंगळीपर्यंत झिणकन गेलं. मग अंगठा आणि पहिल्या बोटात कागद धरायला दिला आणि ओढला, पकडीत जोर आहे का बघायला. मानेतूनही असं होऊ शकतं म्हणून मानही फिरवून बघितली.

टोकावरची सूज मात्र वेगळी निघाली. तिथे कातडीखाली पाण्याची छोटी पिशवी असते, सारखं टेकवून ती सुजते. यूरिक अॅसिडनेही सुजते म्हणून रक्त तपासलं, सोबत शुगर आणि बी १२, कारण ते बिघडलं तरी हातापायाला मुंग्या येतात, आणि एक एक्स-रे. सगळं ठीक आलं. सूज लाल-गरम झाली किंवा ताप आला तर एक दिवसही थांबू नका, इन्फेक्शन असू शकतं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

नंतर एनसीव्ही केली, म्हणजे नसेतून करंट किती वेगाने जातो ते बघायची तपासणी, हाताला वायरी चिकटवून बारीक बारीक करंट देतात, बोटं आपोआप उडतात, दुखतं थोडं पण सहन होतं. नस कोपराशीच दबलीये पण ताकद गेलेली नाही म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. कोपर टेकवायचं नाही, फोन कानाला धरून तासभर बोलायचं नाही, आणि रात्री हात दुमडून झोपायचं नाही. त्यासाठी मी टॉवेलची गुंडाळी कोपराभोवती बांधून झोपते, पहिले चार दिवस झोपच आली नाही, आता सवय झाली. टेबलावर उशी ठेवलीये आणि रात्रीच्या ऑर्डरी बंद केल्यात, पैसे कमी मिळतात पण हात गेला तर काय करणार होते मी.

सूज दीड महिन्यात बसली. मुंग्या आता आठवड्यातून एखादवेळी येतात. हूक लावताना करंगळीच्या टोकाला अजून जडपणा जाणवतो, पुढच्या महिन्यात परत दाखवायला जायचंय.