हिरवं दिसलं म्हणून पास नाही!

काय सांगू राजेहो, आज आमचा हिरवागार प्लॉट नापास झाला. अमेरिकेतल्या वायोमिंगमधली जुन्या कोळसा खाणीची भरून काढलेली जमीन, गवत असं डोलून राहिलं की आपल्या चंद्रपूरकडचे घुग्गुसवाले म्हणतील, काश्मीरच आहे बे! पण आमचं काम म्हणजे अशा जमिनीवर झाडोरा नीट परत आला का ते तपासणं: 50 मीटरचा टेप अंथरायचा, दर मीटरला वरून पिन सोडायची आणि ती टेकेल ते लिहायचं, गवत, काडीकचरा, दगड नाहीतर उघडी माती. पिन टेकून राहिली चीटग्रासला. बाहेरून आलेलं एका हंगामाचं तण, जूनमध्येच वाळतं, कुसळं मोज्यात घुसतात ती चिमट्यानं काढत बसा. ते मोजणीतून बाद. शेजारच्या न खोदलेल्या जमिनीवर झाडोऱ्यानं जेवढी माती झाकलेली असते, त्याच्या किमान 90 टक्के झाकण इथं पाहिजे, तेही टिकणाऱ्या गवताचं.

90 चं सोडा हो, माझं डोकं फिरतं ते 10 वर्षांच्या अटीनं. अमेरिकेचा 1977 चा कायदा आहे, वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तर शेवटची पेरणी, खत, पाणी झाल्यापासून 10 वर्षं थांबा, मधे पुन्हा पेरलं की मोजणी परत शून्यापासून, आणि तोवर कंपनीचा पूर्ण बॉन्ड, म्हणजे जमीन सुधारून देण्याच्या हमीचे पैसे, काही सुटत नाही. मी कुरकुरलो तर सुपरवायझर म्हणे, पाणी पाजून जगवलं तर ते स्वतः जगलं हे कळणार कसं? पटलं, पण चिडचिड गेली नाही.

आपल्याकडे ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगावर सुबाभूळ लावायची, किती रोपं लावली तो आकडा सांगायचा, झालं. पण लगेच हसू नका. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, घालून, मुळांना जिवाणू-बुरशी लावून झाडं उभी केली, हे मी इथं आवर्जून सांगतो. आणि चंद्रपूरचा पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे 26 इंचांहून बराच जास्त, तेव्हा अमेरिकेच्याच नियमानं आपल्याला 10 नाही, 5 वर्षंच लागली असती!

एक मात्र मानलं. इथं वरची माती आधी खरवडून वेगळा ढीग करतात, त्यावर पाटी लावतात, मग तीच परत पसरतात. आमच्या मामाची कापसाची काळी रेगडी जमीन खाणीत गेली, ती माती आता कुठल्या ढिगाच्या पोटात आहे ते मामालाही माहीत नाही.

उद्या झुडपं मोजायची, 20 टक्के जमिनीवर चौरस मीटरला एक तरी पाहिजे. सेजब्रश नावाच्या इथल्या झुडपाची रोपं कोवळी असतानाच हरणं खाऊन टाकतात. आपण उगाच गावच्या बकऱ्यांना नावं ठेवतो.