डोंगल, खंजिरी आणि अर्थिंगचा खड्डा : घाटंजीहून चौथी नोंद

मागच्या नोंदीत हेडफोनसाठी घेतलेल्या ज्या टेबलावरच्या अँपच्या डब्याचं एवढं कौतुक केलं होतं, तो विकला. घेतला त्यापेक्षा चारशे रुपये कमी आले. आता लॅपटॉपला बोटाएवढं डोंगल लटकतं. त्यातच डीएसी (फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग), त्यातच अँप (तो आवाज वाढवणारा). मधले तीन महिने कसे गेले ते लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचे चारशे तरी वाचतील.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : माझं काम ठिबकचे आराखडे काढायचं. आठवड्यातले चार दिवस घाटंजी, पांढरकवडा, वणी असा फिरतो, कधी एसटीनं, कधी गाडीवर. लॅपटॉप पोटासाठी आहे, गाणी त्यावर फुकटात बसली आहेत. गेली काही वर्षं गावोगावच्या सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजनं रेकॉर्ड करतो. रात्री मुक्कामाच्या खोलीवर ती ऐकून निवडायची असतात. हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला. प्रवासाला तो अगदीच गैरसोयीचा. गुंडाळीची वायर बॅगेत उसळ्या मारते. पण खंजिरीच्या चकत्या त्यात जशा सुट्या ऐकू येतात, तशा माझ्याकडच्या दुसऱ्या कशात येत नाहीत.

अँप लागतो की नाही, याचं गणित आधी करायला हवं होतं. मी डबा घेतल्यावर केलं. या हेडफोनला १ मिलिवॅट दिला की ९६ डेसिबल मिळतात. लॅपटॉपचं हेडफोनचं भोक १ व्होल्ट देतं असं धरू. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल. २ व्होल्टवालं डोंगल लावलं तर १६ मिलिवॅट, १०८ डेसिबल. आता हेच १ व्होल्ट कॉसच्या पोर्टा प्रोला द्या. तो १९८४ सालचा, ६० ओहमचा, मिलिवॅटला १०१ डेसिबल देणारा. तिथं ११३ होतात. म्हणजे पोर्टा प्रोवाल्यानं आवाजासाठी अँप शोधत बसायची गरजच नाही.

मग १०२ मला कमी का पडत होते? कारण खंजिरी. भजन रंगात आलं की वाजवणारा असा फटका मारतो की रेकॉर्डर फाटतो. म्हणून मी लेव्हल भीत भीत लावतो. फाईलमधला सगळ्यात मोठा फटकासुद्धा टोकाच्या, म्हणजे फाईलमध्ये मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या, १८ डेसिबल खाली राहतो. १०२ मधून १८ गेले, उरले ८४. तेही फटक्याचे. म्हाताऱ्या आवाजातली ओवी त्याच्याही कितीतरी खाली. डब्यानं ही तूट भरून काढली, हे कबूल करायला हवं.

पण डबा गुणगुणायचा. त्याला स्वतःचा वेगळा अडॅप्टर होता, लॅपटॉपचा चार्जर वेगळा. प्रत्येक अडॅप्टरमधून थोडा करंट गळतोच. अर्थिंग नसलं की तो दुसरी वाट शोधतो आणि दोन उपकरणांना जोडणाऱ्या यूएसबी केबलच्या ग्राउंडमधून पळतो. चार्जर उपसला की सगळं गप्प. लावला की कानात माशी. लॅपटॉपच्या खालच्या स्क्रूला बोट लावलं की मुंग्या यायच्या त्या वेगळ्याच. मल्टिमीटर लावून पाहिला तर स्क्रू आणि नळाच्या पाइपमध्ये ९० व्होल्टच्या आसपास. यानं माणूस मरत नाही, त्यात जोर नसतो, पण आकडा पाहून पोटात गोळा येतो.

घरामागं अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा घातलेला. मला वाटलं, उन्हाळ्यात काळी माती भेगाळली, पट्टी मोकळी पडली, पाणी घातलं की झालं. ठिबकचा माणूस मी. तासाला ४ लिटरचा ड्रिपर आणून लावला खड्ड्याला. आठ दिवस चालवला. आई म्हणे, “काऊन रे, खड्ड्यात संत्रा लावला का?” नवव्या दिवशी आकडा होता तिथंच.

मग डोक्यात प्रकाश पडला. गळणारा करंट मिलिअँपिअरच्या आतबाहेर. तेवढा तर वाईटातल्या वाईट अर्थिंगमधूनही निघून गेला असता. म्हणजे अर्थिंग वाईट नव्हतं, नव्हतंच. वायरमनला बोलावून खोदलं. क्लँपपाशी हात घातला आणि म्हणाला, “भाऊ, इथं तारच नाई राह्यली. मिठानं खाऊन टाकली.” नवी तार, नवा क्लँप, दोन तासांचं काम. आकडा अर्ध्या व्होल्टवर आला, माशी गेली, मुंग्या गेल्या. डबा निर्दोष सुटला.

तरी विकला. घरचं अर्थिंग मी दुरुस्त करीन, मुक्कामाच्या खोल्यांचं कोण करणार? तीन पिनचा बोर्ड दिसतो, मागं तिसरी तार असेलच याची खात्री नाही. शिवाय लाईन गेली की डबा मुका. डोंगलला दुसरा अडॅप्टरच नाही, ते सगळं यूएसबीवरून घेतं. चार्जर काढून ठेवला की बाहेरचं अर्थिंग कसंही असो. यूएसबी मीटर मध्ये घालून पाहिलं : ०.०६ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टला ०.३ वॅट. स्क्रीनचा उजेड एक पायरी कमी केला की वसूल.

आता आवाजातला फरक. इथं मी आधीच्या नोंदींमध्ये बरंच काही बरळलो आहे, “मंच रुंद”, “चकत्या रेशमी” वगैरे. ते सगळं डबा किंचित मोठ्यानं वाजत होता म्हणून. या वेळी, डबा विकण्याआधी, डबा आणि डोंगल दोघांची पातळी मल्टिमीटरनं जुळवली. ५० हर्ट्झची साइन फाईल (एकाच सुराचा सपाट आवाज) वाजवायची, हेडफोन लावलेल्या अवस्थेत एसी व्होल्ट मोजायचे, दोन्हीकडे सारखे करायचे. १ किलोहर्ट्झवर साधे मीटर खोटं बोलतात, ५० वर खरं, कारण ते घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनलेले असतात. १ टक्का फरक म्हणजे ०.०९ डेसिबल, तेवढं पुरे. मग भाच्याला वायरी बदलायला बसवलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. दहापैकी सहा वेळा ओळखलं. नाणं उडवूनही सहा येतात. भाच्यानं तर स्वच्छ सांगितलं की मामाला काही कळत नाही.

ओशाळवाणा भाग अजून आहे. फूबार या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये रीप्लेगेन (फाइलींची पातळी सारखी करणारी सोय) लावून त्या भीतभीत केलेल्या फाइली वर उचलल्या, तर लॅपटॉपच्या भोकालाही डीटी ९९० बऱ्यापैकी वाजतो. म्हणजे निम्मा प्रश्न अँपचा नव्हताच. फक्त माझ्या लॅपटॉपच्या भोकातून एक बारीक किरकिर येते, माउस हलवला की वाढते. डोंगलमध्ये ती नाही. डोंगल ठेवायला मला एवढं कारण पुरलं.

एसटीत डीटी ९९० काढायचा प्रश्नच नाही, तो उघड्या पाठीचा. आतलं बाहेर, बाहेरचं आत. तिथं १६ ओहमचे कानात खुपसायचे इअरफोन. त्यासाठी डोंगल निवडताना अँपचा स्वतःचा रोध बघा. हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी हवा, इथं २ ओहमच्या खाली. जास्त असला तर आत एकापेक्षा जास्त बारीक स्पीकर असलेल्या इअरफोनचा सूरच बदलतो. विंडोजचं म्हणाल तर १० ची २०१७ मधली १७०३ आवृत्ती किंवा नंतरची असेल तर यूएसबी ऑडिओ क्लास २ (अशी डोंगलं ज्या पद्धतीनं लॅपटॉपशी बोलतात ती) साठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ओळख पटवणारं सॉफ्टवेअर, लागत नाही.

डोंगल थेट भोकात लटकवू नका. पांढरकवड्याच्या रस्त्यावर गाडी आदळते, तेव्हा सॉकेटलाच हिसका बसतो. चार बोटांची मऊ वायर मध्ये असू द्या. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडं खिशात कापसाचे तंतू असतातच. एकदा डोंगल ओळखेना, मी ड्रायव्हर काढून परत टाकला, केबल बदलली, दोन तास गेले. शेवटी टाचणीनं सॉकेटमधून मसूरडाळीएवढी कापसाची गोळी निघाली. टाचणी घालायची नसते, दात कोरायची काडी घाला, तीही लॅपटॉप बंद करून.

सध्या कूलर सुरू आहे. त्यापुढं किरकिरही ऐकू येत नाही आणि ओवीही नाही. म्हणून निवडायचं काम पहाटे चारला, कूलर बंद करून, घाम पुसत. कालच्या पहाटे वणीकडच्या अकरा फाइली झाल्या, तीन ठेवल्या. चौथीत कुत्रं भुंकतं, पण खंजिरी इतकी सुरेख आहे की ती पुसवत नाही.