माशाचं बी कुठलं, ते आधी विचारा

आमच्या खान्देशात कपाशीचं बी घेताना माणूस दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो, कंपनी कोणती, किती दिवसाचं, बोंड केवढं, आणि तोच माणूस शेततळ्यात सोडायला बोटुकली म्हणजे माशाची बोटभर पिल्लं घेताना एवढंच विचारतो की हजाराचा भाव काय. ऑक्सिजन भरलेली पिशवी येते, आत वळवळताना दिसतं, झालं काम. अरे भो, त्यात रोहू किती, मृगळ किती, त्यांचे आईबाप कुठले?

मला हे खूप खटकतं, कारण मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो आणि बी कमजोर असलं तर ते खाद्य अंगाला लागतच नाही.

जयंती रोहू या सुधारित जातीचंच बघा. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने नॉर्वेच्या तज्ज्ञांसोबत १९९२ ला काम सुरू केलं, गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतले रोहू आणले, प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी वाढवली, पोटात बारीकशी चिप बसवली म्हणजे कोण कुणाचं ते कळावं, आणि ज्या घराण्याची वाढ चांगली त्यातलेच पुढे प्रजननाला ठेवले. दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास वाढ सुधारत गेली. यात बीटीसारखा बाहेरचा जीन वगैरे काही नाही, निव्वळ निवड. उलट हॅचरीवाला, म्हणजे माशाचं बी तयार करणारा, वर्षानुवर्षं त्याच चार नरमाद्या वापरतो तेव्हा भाऊबहिणीतच प्रजनन होतं आणि वाढ खुंटते.

आता खाद्य. समुद्रातली तारलीसारखी बारीक मासळी वाळवून दळायची आणि तळ्यातल्या माशाला घालायची हे किती दिवस चालणार? रोहूला तिची फारशी गरजही नाही, सोयाबीन ढेप, शेंगदाणा ढेप, भाताचा कोंडा यावर तो छान वाढतो. सरकी ढेप आपल्याकडे मुबलक आहे पण तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त घातली की वाढीला आणि प्रजननाला मार बसतो, म्हणून हात आखडता ठेवा. सोयातला बराचसा फॉस्फरसही माशाला पचत नाही, तो पाण्यात उतरतो आणि तळं शेवाळाने हिरवंगार होतं, त्यावर हा फॉस्फरस पचायला मदत करणारं फायटेज एन्झाइम मिसळलेलं खाद्य बरं.

आम्ही भोकं पाडलेल्या गोणीत खाद्य भरून ती तळ्यात बांबूला टांगतो. रोहू येऊन टोचे मारतात, संध्याकाळी गोणी उचलली की किती उरलं ते हातालाच कळतं, तेवढं दुसऱ्या दिवशी कमी भरायचं.

आणि यंदा हॅचरीला फोन कराल तेव्हा विचारा, ब्रूडर म्हणजे प्रजननाचे मासे कुठून आणलेत, नवीन नर शेवटचे कधी घेतले. उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा, गाडीभाडं थोडं जास्त पडलं तरी परवडतं.