कार्बन रोड बाइकचे सुटे भाग निवडताना

नाशिकमध्ये सायकलविषयी सल्ला मागावा लागत नाही, तो मिळतोच. हितेंद्र आणि महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून तर गंगापूर रोडवर पहाटे भेटणाऱ्या प्रत्येकाचे चाकांविषयी ठाम मत असते. मी पहिली कार्बन रोड बाइक स्वतः जुळवायची ठरवली तेव्हा मिळालेले बहुतेक सल्ले वजन कमी करण्याचे होते. प्रत्यक्षात माझा जवळजवळ सगळा वेळ कोणता भाग कशात बसतो हे तपासण्यात गेला आणि वजनाचा विचार सर्वांत शेवटी आला.

सुरुवात फ्रेमपासून केली. ५४ किंवा ५६ हे फ्रेमचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे त्यावर विसंबून न राहता मी स्टॅक आणि रीच पाहिले, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलांचा दांडा जिथे फिरतो त्या भागाच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचे उभे आणि आडवे अंतर. ज्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम सायकलवर मी पाठदुखीविना लांबचा पल्ला गाठत होतो, तिचे हेच दोन आकडे टेपने मोजून ठेवले आणि त्यांच्या जवळची फ्रेम निवडली. दुसरी अट बॉटम ब्रॅकेटची होती. दाबून बसवायच्या बीबी८६ प्रकारात कवचाचा व्यास ४१ मिमी असतो. त्यात शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा २४ मिमीचा अ‍ॅक्सल सहज मावतो, पण स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या सुमारे २९ मिमीच्या अ‍ॅक्सलला बेअरिंगसाठी फारच थोडी जागा उरते. मला आट्यांचे, ६८ मिमी रुंदीचे बीएसए कवच हवे होते, कारण ते पान्याने घरी उघडता येते आणि पावसाळ्यानंतर बेअरिंग बदलावे लागले तर दाबयंत्र शोधत फिरावे लागत नाही.

गिअरांवर मी सर्वाधिक विचार केला. शर्यतीत उतरणाऱ्या मित्रांचा आग्रह ११-२८ कॅसेटचा, म्हणजे ११ ते २८ दातांच्या मागच्या चक्रांच्या संचाचा होता, पण माझे रस्ते कसारा घाटाचे आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणारे आहेत. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले की पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे साधारण २.१ मीटर, मिनिटाला ७० फेरे मारले तर वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास राहतो. मागे २८ दात असतील तर त्याच वेगासाठी फेरे ५८ पर्यंत उतरतात आणि गुडघ्यांवरचा भार वाढतो. म्हणून ५०-३४ चा क्रँक (पायडलांकडची ५० आणि ३४ दातांची दोन चक्रे), ११-३४ ची कॅसेट आणि मागे १२ गिअर असलेला, तारेने चालणारा यांत्रिक शिमानो १०५ हा संच घेतला. इलेक्ट्रॉनिक गिअर उत्तम असतात हे मान्य, परंतु त्या फरकाच्या पैशांत माझी चाके येत होती.

चाकांच्या बाबतीत हुकविना (टायर अडकवून धरणारी आतली कड नसलेली) रिम मी मुद्दाम टाळली, कारण तिच्यात हवेचा दाब ५ बारच्या आत ठेवावा लागतो आणि टायरही तिच्यासाठी मान्य केलेलाच लागतो, तर मला ऐन वेळी दुकानात मिळेल तो टायर चालवता यायला हवा होता. फ्रेममध्ये ३२ मिमीपर्यंत जागा असल्याने पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांचा विचार करून ३० मिमीचे टायर घेतले. रिम खोल असल्यामुळे ट्यूबचा व्हॉल्व्ह ६० मिमीचा लागतो. ही बारीकशी वस्तू यादीतून हमखास सुटते.

हँडलबार आणि त्याला फोर्कशी जोडणारा स्टेम अ‍ॅल्युमिनियमचेच ठेवले, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. सीटपोस्ट मात्र कार्बनचा असल्याने ग्रीसऐवजी घर्षण वाढवणारी कार्बन पेस्ट आणि ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा टॉर्क रेंच यांची खरेदी सुट्या भागांच्याच हिशेबात धरली, कारण बोल्ट त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळला तर कार्बनला तडा जाऊ शकतो. फोर्कची नळी कापण्याचे काम तेवढे ओळखीच्या मेकॅनिककडे दिले, आणि तेही हँडलबारची उंची काही आठवडे स्पेसर, म्हणजे स्टेमखालच्या कड्या, खालीवर करून पक्की झाल्यावरच. नळी कापून लहान करता येते, पुन्हा लांब करता येत नाही.